बाईसाहेबांचं दार

पोरगी घरातून निघताना तीनदा सांगून गेली, "बाबा, तिथे कशाला हात लावायचा नाही." तिसऱ्या वेळी तर बोट नाचवून. जसं काही घरातलं शेंडेफळ मीच.

तिचंही बरोबर होतं म्हणा. शहराबाहेर ती जुनी इस्टेट आहे ना, मोठा बंगला आणि भोवती बागा, तिथे ती लोकांना फिरवून माहिती सांगायला लागलेली. नोकरी अजून कच्ची. त्या दिवशी मोठे साहेब स्वतः मागोमाग फिरून ऐकणार, पसंत पडलं तर पक्की. नाहीतर परत ती फोनवर दिवसभर शिव्या खायची नोकरी. तिथे होती तेव्हा पोरीला घास गिळवत नव्हता. म्हणून आम्ही सगळे निघालो तिच्यासाठी टाळ्या वाजवायला. मी, आमची ही आणि सासूबाई.

घरी आरशासमोर गोष्ट घोकायची, पण शेवट आला की गप्प. "शेवट तिथेच ऐका." ते गप्प बसणंच पुढे नडलं बघा.

बाग मोठी झकास. झुडपं कापून मोर केलेले, हत्ती केलेले. गवतावर पाटी, चालू नये. बाकावर पाटी, बसू नये. कारंज्यावर पाटी, बंद आहे.

"मग तिकीट कशाचं घेतलं?" सासूबाई म्हणाल्या.

"पाट्या वाचायचं," मी म्हटलं.

आत तर प्रत्येक खुर्चीला दोरी. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी दोरीकडे असं पाहिलं, की आमच्या हिने त्यांचा दंड धरला आणि खाली चहाच्या रांगेत नेऊन उभं केलं. मी एकटाच वर गेलो.

वर एक दार होतं. कोणी ढकललं की असं रडायचं की माझ्या दाढा शिवशिवल्या. चाळीस वर्षं सुतारकी केलीय मी. दार कुरकुरत असेल तर मला जेवण जात नाही. आणि दार तरी कसलं! कडेला वेल कोरलेला, सांधा शोधून सापडत नाही. खालच्या दिवाणखान्यात मालकाचं चित्र, त्याच्या घोड्याचंही चित्र, घोड्याचं नावसुद्धा लिहिलेलं. दार करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मला वाटलं, बिचाऱ्याने एवढं जीव लावून केलं आणि आज येणारा-जाणारा तोंड वाकडं करतोय. निदान त्याची अब्रू तरी राखावी.

तेलाची बारकी बाटली माझ्या खिशात कायम असते. इकडेतिकडे पाहिलं. वरच्या बिजागरीत तीन थेंब, खालच्या बिजागरीत दोन, एक स्क्रू ढिला होता तो नाण्याने आवळला. ढकललं. लोण्यासारखं फिरलं. मीच माझी पाठ थोपटली.

अकरा वाजता पोरगी वीसेक माणसं घेऊन वर आली. मागे साहेब, हातात वही. आमची ही आणि सासूबाईही आल्या. पोरगी काय बोलत होती! थोरल्या बाईसाहेबांचा नवरा जहाजावर गेला तो आलाच नाही. बाईसाहेब याच खोलीत वाट बघत गेल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजही हे दार उघडलं की त्यांचं रडणं ऐकू येतं. जरा शांत राहा."

मी हात खिशात घालायला गेलो. हिने माझ्या तेलकट बोटांकडे पाहिलं.

"अहो," एवढंच म्हणाली. हिच्या एका 'अहो'त पंचनामा, खटला, शिक्षा सगळं असतं.

पोरीने दार ढकललं. काही नाही. दार सरळ भिंतीला जाऊन टेकलं. तिचे कान लाल झाले. साहेबांचं पेन वहीवर टेकलं.

मग काय, मी तोंडावर हात धरला आणि दार झालो.

कोरड्या बिजागरीचा आवाज कुठून निघतो, कुठे अडतो, शेवटी कसा तुटतो, सगळं मला पाठ. पुढची बाई किंचाळून नवऱ्याला बिलगली. एकाच्या हातातला मोबाइल पडला. तेवढ्यात सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई! यांना दमा होता का गं?"

पोरगी आजीकडे वळली. "दमा नव्हता, आजी. हाका मारून मारून घसा बसला होता."

लोक आधी हसले, मग एकदम गप्प झाले. एकीने तर डोळे पुसले. मग टाळ्या.

लोक खाली गेल्यावर साहेब म्हणाले, "आज दार उघडून झाल्यावर रडलं. आजवर असं झालं नव्हतं. तेल कोणी घातलं?"

पोरगी गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण म्हणाली, "माझ्या वडिलांनी. आवाजही त्यांचाच."

"आणि घसा बसल्याचं कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तोंडातून निघून गेलं."

साहेबांनी वही मिटली. "सोमवारी पक्कं पत्र घेऊन जा."

मी म्हटलं, "साहेब, रॉकेलच्या बोळ्याने आत्ता तेल काढून देतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा रडायला लागेल."

"खबरदार! ऐतिहासिक दार आहे ते. हात लावायचा तर समितीची परवानगी लागते."

"मी तेल घातलं तेव्हा कुठे लागली?"

"तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं. आता विचारलंत."

समिती सहा महिन्यांतून एकदा बसते. म्हणून सध्या दर रविवारी, अकराला आणि तीनला, मी त्या दारामागे उभा असतो. सासूबाईंना शेजारी खुर्ची मिळालीय, बिनदोरीची. त्यांनी दम्याचं विचारायचं, पोरीने उत्तर द्यायचं, हे आता ठरूनच गेलंय.

आणि आमच्या घरचं दार हल्ली भयंकर कुरकुरतं. ही रोज ओरडते. मी तेल घालत नाही. मग सराव कशावर करू?