ए बाजूची शेवंताबाई

डॉक्टरसाहेब, तुम्ही तिला विचारलं नाही. बाहेर बाकावर बसली होती ती, तुमच्या टेबलापासून चार पावलांवर. दार लोटलेलं होतं. तुम्ही तिच्या नवऱ्याला विचारलं, तिच्या मुलाला विचारलं, कागद पुढे सरकवला, सही घेतली. ती बहिरी नव्हती. मुकी तर नव्हतीच. मुकी तुम्ही नंतर केलीत.

आणि आज तिच्या मानेवरची पट्टी बाजूला करून तुम्ही सहा शिकाऊ पोरापोरींना भोक दाखवताय.

"बघा, किती स्वच्छ जखम. आठ महिने झाले. कॅन्सर पूर्ण निघाला. अशी केस दाखवायला मिळत नाही."

शेवंताबाई स्टुलावर मान वर करून छताकडे बघत बसली होती. पोरं वाकून वाकून बघत होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, दोन्ही हात पिशवीवर.

"काही त्रास?" तुम्ही विचारलंत. नवऱ्याला.

"नही साहेब. बठ्ठं बेस शे," पितांबर म्हणाला.

"जेवते?"

"जेवस ना."

"झोप लागते?"

"झोपस."

स्टुलावर बसलेली बाई जेवते की नाही हे स्टुलावर बसलेल्या बाईला मान हलवूनही सांगता आलं असतं. पण धुळ्याच्या दवाखान्यातल्या या खोलीत तिच्याकडे कुणी उत्तर मागतच नव्हतं. तिने पिशवीची गाठ सोडायला घेतली.

पिशवीत टेप होता.

तो टेप सत्त्याण्णव साली निंबाने सुरतहून आणलेला. निंबा तिचा मुलगा, तिथे लूमवर कामाला. काळाभोर, वर धरायला कडी, पोटात रेडिओ, समोर कॅसेट आणि डोक्यावर सीडीचं गोल झाकण. गावात सीडी कुणी पाहिलेली नव्हती. झाकण उघडून शेवंताबाई म्हणाली होती, "हाई बेस शे रे. मनी मशेरीनी पुडी ठेवाले जागा व्हयनी." आणि खरंच ठेवली. भाजलेल्या तंबाखूची ती मशेरी ती तिन्ही त्रिकाळ दाताला लावायची. पुढे त्याच मशेरीने गळा खाल्ला, असं तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे.

टेपला सहा मोठे सेल लागत. वीज दिवसातून निम्मा वेळ गायब, त्यामुळे सेल हाच आधार. ते मेले की शेवंताबाई पत्र्यावर उन्हात ओळीने मांडायची आणि संध्याकाळी पुन्हा घालायची. शेजारचा कौतिक चिडवायचा, "शेवंतामाय, पापड वाळी ग्यात का व?"

"तुना दात वाळत घाल," ती म्हणायची. तोंड असं होतं तिचं. गावात श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या सगळ्या गाण्यांना पहिला आवाज तिचा, बाकीच्या बायका मागून झेलायच्या.

त्या श्रावणात निंबा कानबाईसाठी घरी आला. रात्रीची गाणी भरून घेऊ म्हणून कोरी कॅसेट घेऊन आला. दुपारी बघू तरी कसं होतं म्हणून त्याने लाल बटण दाबलं आणि विसरून गेला.

नेमके तेव्हा रोटाचे, देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजले जात होते. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि त्याचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घ्यायचे. पितांबरच्या घरची रीत आणखी वेगळी. तो एकेकाचं नाव घेऊन, तुझी मूठ घेऊ का असं विचारायचा, "गिरधर, लेऊ का?" भाऊ म्हणायचा, "ले." मूठ सुपात. "निंबा, लेऊ का?" "लेल्या." मूठ सुपात. असं करत शेवटी ढवळ्या बैलाची पाळी आली. "ढवळ्या, लेऊ का?" बैलाच्या वतीने निंबाच हो म्हणाला. बैलाची मूठही सुपात पडली.

तेव्हा जात्यापाशी बसलेली शेवंताबाई बोलली. बायका हसत सुटल्या. ती उठली, लगतच्या गोठ्यात गेली, म्हशीला हाका मारून धार काढली, परत येऊन एका गाण्याला तोंड घातलं आणि कॅसेटची पट्टी संपली. एवढंच. पंचेचाळीस मिनिटांची ए बाजू. रात्रीच्या गाण्यांना निंबाने बटण दाबलं तेव्हा सेल मेलेले होते.

फाल्गुनात तिचा आवाज बसला तो उठेना. तुमच्याकडे आणली. लोटलेल्या दाराआड तुम्ही पितांबरला सांगितलं, गळ्यातला आवाजाचा डबाच काढावा लागेल, बाई वाचेल, आवाज जाईल, कायमचा. तिला आत्ता सांगू नका, घाबरेल, पळून जाईल. तारीख आठ दिवसांनंतरची दिली. बाहेर येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आजी, घशाला आराम द्या. बोलणं कमी करा."

साहेब, तिने ऐकलं तुमचं. आवाज लवकर परत यावा म्हणून आठ दिवस तिने तोंड उघडलं नाही. सून कुंदा विचारायची, "माय, काय करू भाजी?" ती बोट दाखवायची. अमळनेरहून बहीण भेटायला आली, दिवसभर बसली. हिने खुणेनेच तिला सांगितलं, नंतर बोलू. मोटारीपर्यंत पोचवायला गेली तीही मुक्याने. आयुष्यातले शेवटचे आठ दिवस तिच्याकडे आवाज होता आणि तो तिने गाठोड्यात बांधून ठेवला, पुढे लागेल म्हणून.

विचारलं असतंत तर ती नाही म्हणाली नसती. मरायची हौस कुणाला आहे? पण बहिणीशी बोलली असती. गाणी भरली असती, सेल नवे आणून. पितांबरला तीस वर्षांचं काय ते सुनावलं असतं. तुम्ही गळा वाचवायला नव्हतात, जीव वाचवायला होतात, कबूल. पण ते आठ दिवस तुमचे नव्हते.

ऑपरेशन होऊन घरी आली तर तिच्या हाकेशिवाय म्हैस पान्हा सोडेना. कुंदा बसली, लाथ खाल्ली. पितांबर बसला, बादली सांडली. चौथ्या दिवशी कुंदाने टेप गोठ्यात नेऊन खुंटीला अडकवला. टेपमधून हाक आली, "ये व मनी राणी, सोड व माय, सोड." म्हशीने कान टवकारले आणि पान्हा सोडला. शेवंताबाई दाराला टेकून उभी होती. आपला आवाज म्हशीला तरी लागतो हे तिने पाहिलं.

म्हशीच्या हाकेपर्यंत पोचायला पट्टी गव्हापासून चालवावी लागे. त्यामुळे रोज दोन वेळा सगळ्या गल्लीला गव्हाचं ऐकू जाई. कौतिक ओट्यावर येऊन बसायला आणि पितांबरला चिडवायला लागला.

"नाना, तुनं नशीब भारी. बायको शे आनि कटकट नही. व्हती ती डबामा भरी ठेयी."

पिठाच्या गिरणीत पितांबरचा डबा उचलताना कुणीतरी म्हणालं, "नाना, लेऊ का?" सगळी गिरणी हसली.

पितांबर घरी आला, टेप उचलला आणि बायकोसमोर लाल बटण दाबलं. त्याला गव्हाचं बोलणं पुसायचं होतं. पण कुंदाने धार काढून टेप तिथेच थांबवला होता. पट्टी पुढे आली होती, गाण्यावर. पितांबरला ते कुठे कळायला! धांदलीत रेडिओची कळ फिरली, रेडिओ चालू झाला आणि गाण्यावर कपाशीच्या बोंडअळीची माहिती भरली गेली. आज ती कॅसेट लावली तर शेवंताबाई गाण्याची पहिली ओळ घेते आणि दुसऱ्या ओळीला एक गृहस्थ फवारणीचं प्रमाण सांगतो.

चूक कळल्यावर पितांबर खाली बसला. "मी... ते गानं नव्हतं पुसनं," एवढंच म्हणाला. मग कॅसेट काढून तिने पाठीवरच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या अडकित्त्याने मोडल्या. त्या मोडल्या की वर काही भरता येत नाही, हे निंबाने एकदा सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं.

आणि आज तपासणीची तारीख म्हणून कालपासून तिने सहाही सेल उन्हात ठेवले होते.

"अरे वा, आजी," टेबलावर टेप पाहून तुम्ही म्हणालात, "सीडीवाला! आमच्याकडेसुद्धा नाही." पोरं हसली.

"साहेब, तिले समजत नही," पितांबर पुढे झाला. "चल व, ठेव ते. मोटार जाई."

तिने त्याचा हात बाजूला केला आणि बटण दाबलं. खोलीत सुपावर गहू पडल्याचा आवाज आला. "ढवळ्या, लेऊ का?" निंबाचा हो आला. मग एक बाई बोलली. भरलेला, जाडसर, मोकळा आवाज. दवाखान्यातल्या कुणीही तो कधी ऐकलेला नव्हता, तो कापणाऱ्यानेसुद्धा नाही.

"बैलले इचारं. माले कोनी इचारं? सांगा ना. आते का बरं मुका व्हई गयात?"

पुढे बायकांचं हसू होतं. ते कुठून सुरू होतं हे शेवंताबाईला पाठ होतं. हसू यायच्या आत तिने टेप थांबवला.

पोरांपैकी एक मुलगी इकडचीच असावी. तिने हातातली वही मिटली. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, काढलंत.

"काय म्हणतेय ही?"

शेवंताबाईने मानेवरची पट्टी स्वतःच्या हाताने नीट केली, कॅसेट थोडी मागे घेतली आणि पुन्हा बटण दाबलं.

"बैलले इचारं. माले कोनी इचारं?"

सहाही सेल तापवून आणलेत, साहेब. दिवसभर पुरतील. बोला.