ओळीखालचं बोट

फॉर्मवरचं ते ‘नाही’ माझं. सूनबाई निहारिका बिचारी मोबाइलवर एकेक प्रश्न वाचत होती. “आई, घरात कोणाला वाचायला-लिहायला त्रास होता का, असं विचारलंय.”

“नाही लिही,” मी ताडकन म्हणाले. “तुझे सासरे हेडमास्तर, मी बत्तीस वर्षं पहिलीची बाई. आपल्याकडे कसला आलाय त्रास?”

हाडीमाशी मुरलेली सवय हो ही. स्थळाला माहिती पाठवताना घरातलं दुखणं लिहितो का आपण? सगळे निरोगी, सगळे हुशार. माझा सुश्रुत तिथेच भांडी विसळत होता, त्याने नळ आणखी मोठा सोडला. निहारिकाला वाटतं, नवऱ्याला वाचनाची आवड नाही, बस.

मी ओंगारला, परदेशी मुलाकडे, आले होते तीन महिन्यांसाठी. साथीत विमानं बंद झाली आणि वर्ष उलटून गेलं. नात स्वराली साडेचार वर्षांची झाली, सप्टेंबरात शाळेत जाणार. तेवढ्यात युनिव्हर्सिटीचं हे संशोधन आलं; तो फॉर्म त्यांचाच. मूल वाचायला लागण्याआधीच, नुसते आवाज ऐकवून त्याच्या मेंदूवरून काही कळतं का, ते बघायचं होतं त्यांना.

जुलैत सुश्रुत, स्वराली आणि मी तिथे गेलो, तोंडाला मास्क लावून. नीव्ह नावाच्या पोरीने स्वरालीला मेंदूच्या लहरी टिपणारी ओल्या स्पंजांची टोपी घातली. मी म्हटलं, “दुखतंय का गं?” तर म्हणते, “इट्स ग्रँड, आजी.” म्हणजे मजेत. सुश्रुत तिच्याजवळ आत बसला, मी बाहेर नीव्हशेजारी. आत मुकं कार्टून आणि कानात आवाज : बा, बा, बा, दा. नीव्हच्या पडद्यावर रेघा हलत होत्या.

“पण तिला करायचं काय?” मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“काहीच नाही. आवाज बदलला की मेंदू आपोआप दखल घेतो. कोणाचा स्पष्ट घेतो, कोणाचा जरा पुसट.”

“आणि नीट लक्ष दिलं, मेहनत केली तर?”

नीव्ह हसली. “यात मेहनतीचा काही संबंध नाही. मूल झोपलेलं असलं तरी मेंदू ऐकतोच.”

मला माझा पहिलीचा वर्ग आठवला. सुश्रुत माझ्याच वर्गात होता. वाचताना त्याची ओळ सुटायची, म्हणून खाली बोट धरायचा. त्या बोटावर मी फूटपट्टी मारायचे. एवढ्याशा पोराच्या बोटावर! प्रगतिपुस्तकात माझ्या हाताने शेरा लिहिला होता : प्रयत्न कमी. पुढे त्याची बहीण धडे मोठ्याने वाचायची आणि हा ऐकून ऐकून पास व्हायचा. आज मलिंगारच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. हाडाची बारीकशी चीर त्याला आधी दिसते म्हणतात.

“निकाल कधी सांगणार?” मी विचारलं.

“एकेकट्या मुलाचं निदान आम्ही करत नाही, आजी. ज्यांच्या घरात त्रास आहे ती मुलं एका गटात, ज्यांच्या नाही ती दुसऱ्या गटात, एवढंच बघतो. पण ज्यांच्या घरात आहे त्यांनी शाळेला आधीच सांगून ठेवावं. मदत लवकर मिळते.”

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. कोणाला काय कळणार होतं! पण उद्या स्वरालीची ओळ सुटली, तर तिच्याही बाई तिला आळशीच म्हणणार. माझ्यासारख्याच.

“फॉर्म चुकलाय,” मी म्हणाले. “तिच्या बाबाला त्रास होता. मीच लपवलं.”

स्वराली टोपी काढून, ओले केस झटकत बाहेर आली. मागून सुश्रुत. मी सगळं त्याच्यासमोर पुन्हा मराठीत सांगितलं. “तू आळशी नव्हतास रे. माझं चुकलं.” त्याच्या मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. ते भरून आले होते.

“एवढी वर्षं मलाही मी आळशीच वाटायचो, आई,” तो म्हणाला.

नीव्हने दुरुस्तीचा कागद आणला. वडिलांनी वाचून सही करायची होती. सुश्रुत खुर्चीवर बसला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि माझ्याकडे लक्ष जाताच चटकन उचललं.

अडतीस वर्षांचा माझा मुलगा.

“ठेव बोट,” मी म्हणाले. “सावकाश वाच. मी थांबते.”