पंचायतीचे भांडे

मयुरीचं लग्न बारा दिवसांवर आलं तेव्हा तिचा बाप, लहानू थूल, पंचायतीचे भांडे मागायला गेला. सरपंच चंद्रभाननं त्याला गोड बोलून परत पाठवलं. भांडे दुसरीकडे गेले म्हणे. पंचायतीच्या खोलीच्या खिडकीतून भात शिजवायचा मोठा गंज अन् दोन कढया लहानूला स्वच्छ दिसत होत्या, तरी तो 'बरं' म्हणून निघाला. घरी येऊन मात्र बायकोपुढं, धुरपतेपुढं, त्यानं असं भाषण ठोकलं, की ऐकणाऱ्याला वाटावं सरपंच राजीनामाच देऊन बसला.

लहानूच्या बौद्ध मोहल्ल्याला हे नवं नव्हतं. सात वर्षांत पंचायतीची एक पळीही तिकडं आली नव्हती. कधी भांडे गेलेले, कधी किल्ली हरवलेली. लोक आर्वीहून भाड्यानं भांडे आणत अन् गप बसत.

"मले काऊन सांगून राह्यले?" धुरपता म्हणाली. "मी का सरपंच हावो? लेखी द्या नं."

ग्रामसेविका सुरभी मॅडम गावात नवीन होत्या. त्यांनी रीत सांगितली: काय झालं ते तारखेसकट थोडक्यात लिहा, एक प्रत इथं देऊन शिक्क्याची पोच घ्या, दुसरी तालुक्याला गटविकास अधिकाऱ्याकडं पाठवा. लहानूनं तीन पानं लिहिली. दोन पानं सगळ्या मानवजातीवर होती. भांडे आले ते तिसऱ्या पानावर. मॅडमनं पहिली दोन काढायला लावली.

मग त्यांनी ठरावाचं रजिस्टर उघडलं. पंचायत कमिटीच्या मर्जीनं भांडे द्यावे, असा सात वर्षांपूर्वीचा ठराव होता. खाली लिहिलं होतं: सूचक, सदस्य लहानू थूल.

"काका, हा तुम्हीच मांडला?"

"मीच, मॅडम," लहानू म्हणाला. "तवा मी लय मोठा मानूस होतो."

ठराव झाला त्या दिवशी सरपंचानं सूचक म्हणून लहानूचं नाव घेतलं, याच आनंदात त्यानं दोन प्लेटा चिवडा खाल्ला होता अन् न वाचता सही ठोकली होती. वर मोहल्ल्यात घरोघर सांगत फिरला होता.

घरी येऊन तो म्हणाला, अर्ज राहू दे, लोक हसतील.

"लोक का आजच हसून राह्यले तुमाले?" धुरपता म्हणाली. "द्या अर्ज."

त्यानं खाली एक ओळ वाढवली, हा ठराव मीच न वाचता मांडला, अन् अर्ज दिला. पोच घेतली, दुसरी प्रत तालुक्याला पाठवली. लग्न आर्वीच्या भांड्यांत झालं. महिन्यानं तालुक्याहून पत्र आलं, की विषय ग्रामसभेत घ्या.

सभेत चंद्रभाननं रजिस्टर वर धरलं. "हा ठराव लहानूभाऊचाच हाये," तो म्हणाला. लोक हसले. लहानूनं पाव तासाचं भाषण पाठ केलं होतं. उभा राहिला अन् सगळं विसरला.

"माहाच हाये," तो म्हणाला. "वाचला नाई, थे माहं गाढवपन. पन सात वर्सांत भांडे कोनाले देल्ले, थे बी लिहून हाये. त्यात आमच्या मोहल्ल्यातलं एक नाव दाखवा. मी इथंच माफी मांगतो."

सुरभी मॅडम वाटपाच्या वहीची पानं उलटू लागल्या. पानागणिक हसू कमी झालं. चंद्रभान चष्मा पुसत बसला. शेवटी त्याचीच चुलती विमलाबाई उठली. "नसंन नाव त नाई म्हना नं," ती म्हणाली. "मले घरी जाऊन गाय दोहाची हाये."

ठराव बदलला. अर्जाच्या नंबरानं भांडे द्यायचे, नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यायचं.

पहिला नंबर लागला मोहल्ल्यातल्या देवकाबाईचा, नातवाचं नाव ठेवण्याच्या कार्यक्रमासाठी. गंज मीच नेतो म्हणून लहानू अडून बसला. मागची वाट जवळची होती. तरी तो गंज डोक्यावर घेऊन चंद्रभानच्या दारावरून, मोठ्या रस्त्यानं निघाला. अर्ध्यात दम लागला, पण लोकांसमोर खाली ठेवायची लाज. तीन दिवस मान वळत नव्हती.

धुरपता तेल चोळता चोळता म्हणाली, "बैलबंडी होती नं घरी."

"अवं, बंडीत गंज दिसला असता," लहानू कण्हत म्हणाला. "मी कुठं दिसलो असतो?"