पडद्याची दोरी

बेळगावच्या भर बाजारातल्या नटेश्वर नाट्यगृहाला शंभर वर्षं झाली, तेव्हा दारातच इतिहासाची शिळा बसवायचं ठरलं. मजकूर लिहायला निपाणीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे सुगत कांबळे यांना बोलावलं. इतिहासाला इतिहासाचाच माणूस बोलावला, ही समितीची पहिली आणि शेवटची चूक.

सुगतचे आजोबा भीमसेन यांनी इथला पडदा सत्तावीस वर्षं ओढला. त्यांच्या जातीला रंगमंच बंद होता. म्हणून भिंतीला भोक पाडून दोरी मागच्या बोळात काढलेली. बोळात उभं राहून, कानानं वाक्य हेरून ते दोरी ओढत. पडदा कधी चुकला नाही. नाटक एकही पाहिलं नाही. सुगतनं हे चार ओळींत लिहिलं.

लहानपणी बापाची भाकरी घेऊन त्याच बोळात जाणारी त्याची आई, तानीबाई, आता ऐंशीची झालेली. डोळ्यांना नुसता उजेड कळायचा. "आप्पाचं नाव लागलं की हात लावायला ने रं," एवढंच तिचं मागणं.

समितीच्या सात बैठका झाल्या. सहा गेल्या शिळेवर मराठी वर की कन्नड वर, यात. सातव्या बैठकीत त्या चार ओळींचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत एकमत झालं.

"सर, भोकाचं कशाला?" अध्यक्ष परशराम अण्णा म्हणाले. "शंभरीच्या कार्यात बरं दिसत न्हाय."

"मग ते भोक कशाचं म्हणून सांगायचं, अण्णा?"

"वाऱ्याचं. जुन्या लोकांनी हवा खेळायची काय सोय केलती बघा."

सहा बैठका कन्नडसाठी अण्णांशी भांडलेल्या भरमाप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे री. वाराच."

सुगतनं राजीनामा लिहिला. हा मजकूर मात्र एकाही दुरुस्तीशिवाय मंजूर झाला.

आईला हे सांगायचं त्याच्यानं झालं नाही. उद्घाटनानंतर तो तिला घेऊन गेला. भोकाला पितळी जाळी बसली होती. शिळेवर दोन्ही भाषांत देणगीदार होते, पाहुणे होते, फरशीवाला होता, आणि 'वायुवीजनाची पुरातन योजना' होती.

"कुठं हाय रं आप्पा?"

सुगतनं तिचं बोट फरशीवाल्याच्या नावावर ठेवलं आणि आपल्या चार ओळी तोंडपाठ म्हटल्या. एक शब्द गाळला नाही. मागं येऊन उभे राहिलेले परशराम अण्णा सगळं ऐकत होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांना 'अध्यक्षसाहेब' म्हणून हाक मारली, त्यांनी 'आलो' म्हटलं.

"अध्यक्ष हैत व्हय हितं?" तानीबाईनं आवाजाच्या अंदाजानं हात जोडले. "भोकाचंसुदिक लिवलासा. लई मोठ्या मनाची माणसं तुमी."

अण्णांनी सुगतकडं पाहिलं नाही.

"आमचं कर्तव्यच हाय ते, आक्का," ते म्हणाले.