दोन रेघांची एक

राग तिच्या नाकावर असतो असं घरीदारी सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण रागालाही कारण लागतं की नाही? तिच्या ऑफिसात ते कारण रोज सकाळी जिना चढून स्वतःच्या पायांनी येई. केस चापून बसवलेले, बुटांत तोंड पाहून घ्यावं अशी पॉलिश. नवा साहेब. ‘चकचकीत’ हा एकच शब्द तो दिवसातून इतक्या वेळा वापरायचा, की पाठीमागे त्याचं नावच चकचकीत साहेब पडलं होतं.

कंपनी एक सॉफ्टवेअर बनवायची. कॉम्प्युटरवर साठलेल्या जुन्यापुराण्या फायली शोधून साफ करणारं. दवाखाने, ग्रंथालयं, तपासणीच्या लॅब, असली गिऱ्हाइकं. ते कसं वापरायचं याचं जाडजूड पुस्तक ती लिहायची, आणि ते पडद्यावर वाचायला मिळायचं. असलं पुस्तक लिहायचं म्हणजे मजकुरात खुणा घालायच्या: हे शीर्षक, हा इशारा, ही कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून द्यायचा हुकूम. मग एक यंत्रणा त्या खुणा वाचून पानं छापते. तिच्या खुणा होत्या जुन्या धाटणीच्या, आणि साहेबाने यंत्रणा आणली नवी कोरी.

“महिन्याभरात सगळं नव्यात घाला,” साहेब म्हणाला.

“नव्या यंत्रणेला माझ्या कमांडच्या खुणा कळतच नाहीत,” ती म्हणाली. “कळत नाही असं सांगतही नाही ती. गुपचूप खूण गाळते आणि कमांडला साधा मजकूर समजते. एकेक खूण हाताने बदलावी लागेल. वेळ वाढवून द्या.”

साहेबाने पान खालीवर सरकवून पाहिलं. “अक्षरं गेलीत का कुठे? नाही ना? दिसतंय की सगळं. आणि काय चकचकीत दिसतंय!”

“चौकटी गेल्यात. कमांड वेगळी उठून दिसत नाही.”

“चौकटींसाठी वेळ वाढवून? काहीतरीच काय, मॅडम!”

ती कडाकडा भांडली. पण भांडली ती चौकटींसाठी. खरं काय गेलं होतं ते तिलाही तेव्हा दिसलं नाही. पुस्तक ठरल्या दिवशी प्रसिद्ध झालं, पहिल्या पानावर तिचं नाव, आणि साहेबाने सगळ्यांना पेढे वाटावेत तसे मेल वाटले.

आता घरचं. घरी नवरा, सासूबाई आणि धाकटा दीर. दिराला लहानपणापासून सगळे बारक्या म्हणत, आता तो दारातून वाकून आत यायचा तरी. एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. वहिनीच्याच सांगण्यावरून त्याने लॅबला हे सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. हातून पेला निसटावा, किल्ली कुलपात विसरावी, असा त्याचा लौकिक. ‘वेंधळा’ हे विशेषण घरात दुसऱ्या कुणाला लावायची सोयच नव्हती.

तर एका संध्याकाळी बारक्या घरी आला आणि बूट न काढता तसाच खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक. लॅबमधले रुग्णांचे जुने रिपोर्ट पुसले गेले होते. बॅकअप होता, पण अर्धामुर्धा. व्यवस्थापकाने त्याला घरी बसवलं होतं, चौकशी लावली होती, आणि नोकरी जाणार हे जवळपास सांगूनच टाकलं होतं. त्यातून ‘निष्काळजीपणा’ असा शेरा कागदावर पडला, की दुसरीकडे तरी त्याला कोण उभं करणार?

“मी ट्रायल करत होतो,” तो म्हणाला. “ट्रायल म्हटलं की काही पुसत नाही, नुसतं काय काय पुसलं जाईल ते दाखवतं. पुस्तकातली कमांड उचलली आणि चिकटवली, पुढे फक्त फोल्डरचं नाव घातलं. एक अक्षर बदललं नाही मी.”

“काहीतरी बदललंच असशील,” नवरा म्हणाला. “तू आणि धड काम!”

“देवा रे, माणसांचे रिपोर्ट!” सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, तुझं लक्ष असतं तरी कुठे मेल्या?”

बारक्याने वहिनीकडे पाहिलं. पुस्तक तिचं होतं.

“माझ्या पुस्तकात चुकीचं नसतं,” ती म्हणाली, आणि कणीक मळायला आत गेली.

नंतर तो बोलायचाच बंद झाला. दिवसभर खिडकीशी बसून राही. घर आपलं त्याच्याभोवती चालू होतं, जाता येता टोमणे मारत. तिने टोमणे मारले नाहीत, पण कुणाला अडवलंही नाही. मनात म्हणायची, पोराने या वेळी मोठाच घोळ घातला.

मग ऑफिसात एका ग्रंथालयाची तक्रार आली. ‘ट्रायलची कमांड दिली तर या नावाचं फोल्डर सापडत नाही असं येतं.’ तक्रार तिच्या टेबलावर टाकून साहेब शीळ घालत निघून गेला. तिने पुस्तकातली कमांड उचलून मोठी करून पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘ट्रायल’ ही सूचना आहे हे सॉफ्टवेअरला कळायचं, तर त्या शब्दाला खेटून आधी दोन छोट्या आडव्या रेघा लागतात. दोन, शेजारी शेजारी. नव्या यंत्रणेला साध्या मजकुरात दोन रेघा दिसल्या की ती त्यांची एक लांब, देखणी रेघ करून टाकते. पुस्तक छान दिसावं म्हणून. कमांडमध्ये ती असला शहाणपणा करत नाही, पण ही कमांड आहे हे सांगणारी खूणच तिने गिळली होती. मग सॉफ्टवेअर बिचारं ‘ट्रायल’ला फोल्डरचं नाव समजे, असं फोल्डर नाही म्हणून कुरकुरे, आणि पुढे लिहिलेलं फोल्डर खरोखर झाडून साफ करे. ग्रंथालयवाल्यांनी पुढचं फोल्डर अजून लिहिलं नव्हतं, म्हणून ते कुरकुर वाचून वेळीच थांबले होते. बारक्याच्या लॅबमध्ये थांबायला वेळ मिळाला नव्हता.

म्हणजे पोरगं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं!

ती साहेबाच्या खोलीत शिरली ती दार न ठोकताच. सगळं सांगितलं. बारक्याचंही सांगितलं.

“बरं, मग दुरुस्त करून टाका,” साहेब म्हणाला. “बदलांच्या यादीत लिहा, ‘किरकोळ सुधारणा’.”

“किरकोळ?”

“मॅडम, एक रेघ की दोन, कोण बघतं हो?”

“कॉम्प्युटर बघतो! रिपोर्ट पुसले गेलेत लोकांचे! माझ्या दिराच्या पोटावर पाय आलाय, आणि तुम्हाला किरकोळ वाटतंय? मी वेळ मागितला होता. तुम्ही म्हणालात, चकचकीत दिसतंय. आता स्पष्ट नोटीस लावा, चूक पुस्तकाची आहे म्हणून. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करते, आणि फोनवर तुमचं नाव घेते.”

तिचा आवाज बाहेरपर्यंत गेला होता, टायपिंगची टकटक थांबली होती. साहेबाने काचेतून बाहेर पाहिलं आणि पडतं घेतलं. “लावू नोटीस. पण खाली नाव तुमचं. पुस्तक तुमचं आहे.”

“माझंच टाका. मी नाही तोंड लपवत.”

नोटीस तिने तिथेच बसून लिहिली. चुकीची रेघ कशी, बरोबर रेघा कशा, खाली बरोबर कमांड. साहेबाच्या माणसाने ती दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या पानावर चढवली, तेव्हा ती बारक्याला घेऊन लॅबच्या वाटेवर होती. बारक्या यायला तयार नव्हता. तिने त्याला अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं.

लॅबमध्ये औषधांचा आणि फिनेलचा वास. व्यवस्थापकाच्या टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांचं कॅलेंडर. माणूस वाईट नव्हता, पण रिपोर्टांपायी लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन वैतागलेला होता. शेजारी हिशेब बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. बारक्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

“चूक त्याची नाही,” ती म्हणाली. “चूक आमच्या पुस्तकाची आहे. ते पुस्तक मी लिहिलंय. कंपनीने आजच तशी नोटीस लावलीय, तुम्हीच उघडून वाचा.”

व्यवस्थापकाने चष्मा वर केला, पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. “‘आमच्या पुस्तकात कमांडमधील ट्रायल या शब्दाआधी – असे छापले गेले आहे. ते चुकीचे असून कृपया – असे वाचावे.’” तो थांबला. परत वाचलं. “बाई, ही काय थट्टा आहे? दोन्ही सारखंच आहे की.”

ती उठून पडद्याशी गेली. खरंच सारखंच होतं. चूक सांगणारी नोटीससुद्धा त्याच यंत्रणेतून काढली होती. तिने जीव तोडून लिहिलेल्या दोन रेघा यंत्रणेने पुन्हा जोडून एक केल्या होत्या. खालची बरोबर कमांडसुद्धा तशीच, लांब, देखणी, सत्यानाश करायला सज्ज.

हिशेबाच्या बाईंना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात दडवलं. बारक्याने मान खाली घातली. तिने पर्समधून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, साहेबाला लावला.

“ती नोटीस आत्ताच्या आत्ता उतरवा!”

“अहो, आत्ता तर लावली. किती छान दिस—”

“दिसणं गेलं खड्ड्यात! चूक सांगायला गेलात आणि तीच चूक परत छापलीत. आणखी कुणी ती कमांड उचलली ना, तर तुमच्या दारात उभी राहीन मी!” फोन तिने काचेवर आपटलाच. व्यवस्थापकाने काच फुटली नाही ना ते हळूच पाहून घेतलं.

“तुमचा राग कळतो मला,” तो म्हणाला, “पण माझ्या हातात काय आलं? तुमची नोटीसच म्हणते दोन्ही सारखं. मला डोळ्यांनी फरक दिसत नाही.”

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. आवाज एकदम खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आला की घरातले लोक खोली सोडून जात.

“फरक दिसत नाही ना तुम्हाला? मग एक करा. एखादा जुना, बिनकामाचा कॉम्प्युटर आहे?”

कोपऱ्यात एक होता, हे सॉफ्टवेअर त्यावरही होतं. तिने बारक्याला त्यात ‘रद्दी’ नावाचं फोल्डर करायला सांगितलं, चार फुटकळ फायली टाकायला सांगितल्या. रद्दीशिवाय दुसऱ्या कशाला धक्का लागणार नाही, हे दोनदा तपासलं. मग व्यवस्थापकाला म्हणाली, “नोटीस अजून पानावर आहे, तिच्यातली कमांड उचला. पुढे रद्दी लिहा. तुमच्या हाताने. वेळ घ्या, नीट बघून करा. ट्रायल लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“म्हणजे काही पुसलं जाणार नाही. बरोबर?”

“बरोबर.” त्याने एकेक अक्षर बोट लावून वाचलं. मग बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली आणि सरकून गेली. रद्दी उघडली. आत काही नव्हतं.

व्यवस्थापक पडद्याकडे पाहत राहिला. “पण मी तर ट्रायलच...” तो म्हणाला आणि अडखळला.

“हो,” ती म्हणाली. “त्यानेही ट्रायलच. तुम्ही तर वाचून केलंत, बोट लावून, आणि आधीच माहीत असताना. आता लिहा त्याच्या कागदावर निष्काळजी. आणि त्याखाली स्वतःचंही नाव लिहा.”

व्यवस्थापकाने बारक्याकडे पाहिलं, उठून शेजारची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, “बस रे.” चौकशी तिथेच मिटली. रिपोर्टांचा भुर्दंड कंपनीकडून वसूल करू, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, जरूर करा, मी साक्षीला येते. बारक्याने उद्यापासून कामावर यायचं ठरलं.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. ती तरातरा चालत होती, अजून धुमसत, साहेबाला आणखी काय काय ऐकवायचं ते ठरवत. दुकानांच्या सावलीतून बारक्या मागे मागे येत होता. आता तो काहीतरी बोलेल, थँक्यू म्हणेल, निदान हसेल, असं तिला वाटत होतं.

“वहिनी, एक विचारू?”

“विचार की.”

“ती ग्रंथालयाची तक्रार आली नसती तर?”

“तर काय?”

“तर तू पुस्तक उघडून पाहिलं असतंस? मी सांगितलं होतं तेवढ्यावरून?”

ती थांबली. ‘अरे, म्हणजे काय, पाहिलंच असतं’, हे शब्द ओठांवर आले होते. पण कालपासून ती ज्याला त्याला खरं बोला म्हणून धारेवर धरत होती.

“नाही,” ती म्हणाली. “नसतं पाहिलं.”

त्याने मान डोलावली. चिडला नाही, ओरडला नाही. चिडला असता तर तिला ते जमलं असतं, भांडता आलं असतं.

“मी जातो थोडा फिरून,” तो म्हणाला. “आईला सांग, जेवायला थांबू नका.”

तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिच्या अंगात राग तर अजून भरलेला होता, आणि आता तो काढायला साहेब, यंत्रणा, दुसरं कुणीसुद्धा उरलं नव्हतं.