बिनवासाचा माणूस

मला वास येत नाही. सहा वर्षांपूर्वी एका तापात नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, चष्मा टेकवायला उपयोगी पडतं, पण त्यातून आत काही पोचत नाही. कॉफी, करपलेला टोस्ट, गोठा, सगळं मला सारखंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा माणसानंच पुढे वासाचं वेड घेतलं.

माझं नाव डेलबर्ट फ्लूगर. विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत राहतो आणि चीजच्या कारखान्यात बावीस वर्षं दुधाच्या टाक्या सांभाळतो. बायको डार्ला शाळेची बस चालवते. सासूबाई, विल्मा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. टेकडीवरच्या शेतात एकट्या राहतात. दर शरद ऋतूत त्या आणि मी त्यांच्या रानात धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतो. म्हणजे त्या करतात. मी बसतो.

माझं मचाण घळीच्या माथ्यावर एका ओकच्या झाडावर होतं. जागा मीच निवडली होती, कारण तिथून सगळी घळ दिसायची. कारखान्यातून तीनला सुटलो की चारपर्यंत मी झाडावर. खाली दाट झुडपांत हरणं दिवसभर पडून असायची आणि ऊन उतरलं की खालच्या मक्याच्या शेताकडे निघायची. निदान तसा त्यांचा बेत असावा. मी मचाणावर स्थिर झालो की पाऊणएक तासात खालून कोणीतरी जोरात नाक शिंकरल्यासारखा आवाज यायचा, मग पाय आपटल्याचा, आणि मग पाच-सहा पांढऱ्या शेपट्या झुडपांतून उधळत निघून जायच्या. दोन वर्षं मी हरणांचे फक्त पार्श्वभाग पाहिले.

"त्यांना तुझा वास लागतो," डार्ला म्हणाली.

"माझा कसला वास?"

"फाटलेल्या दुधाच्या निवळीचा. बावीस वर्षं मुरलाय तो तुझ्यात."

तिनं हे सहज सांगितलं होतं. मी ते मनाला लावून घेतलं.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरपासूनच मी तयारीला लागलो. शिकाऱ्यांच्या दुकानातून बिनवासाचा साबण आणला, बिनवासाचा शाम्पू आणला. दात खायच्या सोड्यानं घासायला लागलो. शिकारीचे कपडे वेगळे धुऊन झाकणबंद डब्यात ओकची वाळकी पानं आणि देवदाराच्या डहाळ्या घालून ठेवले. ते घरात घालायचे नाहीत, गाडीत घालायचे नाहीत, थेट रानाच्या कडेला उभं राहून बदलायचे. एकदा मी अंतर्वस्त्रांवर असताना टपालवाली बाई तिथून गेली. तिनं हात हलवला, मीही हलवला. आता ती आमची पत्रं फाटकातूनच आत टाकते.

कांदा, लसूण, बेकन आणि कॉफी बंद. डार्लाच्या सुगंधी मेणबत्त्या बंद. तिनं केसांना काही लावलं तर मी माझी उशी उचलून दुसऱ्या खोलीत जायचो. आणि या सगळ्याचा उपयोग होतोय की नाही हे मला स्वतःला कळायची सोय नव्हती, म्हणून दर दुपारी मी डार्लापुढे हात वर करून उभा राहायचो.

"हुंग."

"आत्ताच मी छत्तीस पोरं घरी सोडून आलेय, डेलबर्ट. त्यांतल्या एकानं बसमध्ये उलटी केली. मला आज कुणालाही हुंगायचं नाही."

"फक्त काखेत."

ती हुंगायची. सुरुवातीला हसत, मग न हसता. "काही नाही," असं म्हणून वळायची. मला वाटायचं, जिंकलो.

मग मी कपड्यांच्या कपाटात ठेवायचं एक यंत्र आणलं. ते कसलासा वायू सोडून कपड्यांतला वास मारतं. वास मारतं हे खरं असेल, पण रबरही मारतं. एका संध्याकाळी मचाणाची शिडी अर्धी चढलो असताना आतल्या लोकरी पायजम्याच्या नेफ्यातलं इलॅस्टिक बिस्किटासारखं तुटलं. पायजमा बाहेरच्या पँटच्या आत गुडघ्यापर्यंत उतरला आणि माझे दोन्ही पाय बांधल्यासारखे झाले. दोन हात शिडीला, धनुष्य दोरीला लटकलेलं, मी ना वर ना खाली. दहा मिनिटं तसाच उभा होतो. हरणं त्या दिवशीही गेली. मी पँट सोडून पायजमा वर ओढत होतो, तेव्हा.

हे कमी होतं म्हणून कोल्ह्याचं मूत आणलं. माणसाचा वास त्याखाली दडतो असं दुकानदार म्हणाला. छोटी बाटली होती, मी ती गाडीत चर्चच्या कोटाच्या खिशात ठेवली आणि विसरलो. त्या आठवड्यात उन्हं कडक पडली होती. बाटलीचं बूच कधी सैल झालं आणि किती सांडलं, ते मला कसं कळणार?

रविवारी सासूबाईंना घ्यायला गेलो. त्या गाडीत बसल्या आणि त्यांनी काच खाली केली. थोड्या वेळानं त्यांनी डोकंच बाहेर काढलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला हवा हवीशी वाटते. चर्चमध्ये आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. पुढचं कुटुंब दुसऱ्या स्तोत्राच्या आधी उठून पलीकडे गेलं. मागचे तिसऱ्याला गेले. डार्ला गायकवृंदात उभी होती, ती लांबूनच माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. आपला आवाज आज जास्त चढलाय असं समजून मी हळू गायला लागलो.

प्रवचनाच्या मध्यावर सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "डेलबर्ट, तुझ्या कोटात कोल्हा आहे का?"

"फक्त त्याचं मूत आहे," मी म्हणालो.

"मग ते घेऊन बाहेर जा."

उरलेलं प्रवचन मी पार्किंगमध्ये ऐकलं. खिडक्या त्यांनी माझ्यामुळे उघड्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे ऐकू छान येत होतं.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. ऑक्टोबरच्या शेवटी वारा शांत, थंडी चांगली, असा एक शुक्रवार आला. मी तळघरात दोनदा आंघोळ केली. अंगाला आता कसलाच वास उरला नाही या खुशीत त्या दिवशी रानाच्या कडेची वाटही पाहिली नाही, अंगणातच डब्यातून काढून कपडे घातले आणि निघालो. फाटकाशी आठवलं की हातमोजे स्वयंपाकघरात राहिले. परत आत गेलो.

दारात आमचा हान्स झोपला होता. हान्स चौदा वर्षांचा कुत्रा. त्याला दिसत नाही, ऐकूही जवळजवळ येत नाही. त्याचं सगळं जग नाकात आहे. आणि त्याच्या नाकापुढून, त्याच्या घरात, पायांचे हादरे देणारं पण माणसाचा वास नसलेलं काहीतरी चाललं होतं. तो आधी गुरगुरला. मी म्हणालो, "अरे मी आहे." त्याला ते कुठून ऐकू येणार? मी हातमोज्यांसाठी वाकलो आणि त्यानं माझी पोटरी धरली. चौदा वर्षांत त्यानं कुणाला चावलं नव्हतं. त्याला उरलेले सगळे दात त्यानं वापरले.

सात टाके पडले. डार्ला मला घेऊन गेली, बाहेर बसून राहिली, परत घेऊन आली. घरी आल्यावर तिनं हान्सला मांडीवर घेतलं, मला नाही. हान्स थरथरत होता.

"याला आता काय करायचं?" मी विचारलं. म्हणजे औषध वगैरे द्यायचं का, असं मला म्हणायचं होतं.

"त्याला काही करायचं नाही. तो चुकला नाही." तिनं त्याच्या कानामागे खाजवलं. "दोन महिने मलाही वाटतंय की घरात कुणी परका माणूस राहतोय."

"मी इथंच आहे की."

"कुठं? उशीला तुझा वास नाही. टॉवेलला नाही. परवा तुझा शर्ट घेतला, नाकाला लावला, काही नाही. कोऱ्या कागदासारखा. तुला तो निवळीचा वास नको असेल. मी बावीस वर्षं त्याच्या शेजारी झोपतेय."

तिचे डोळे भरले होते. खरं सांगायचं तर ज्या दिवशी माझं नाक गेलं, त्या दिवशी तिचा वास मलाही गमवावा लागला होता. पण ते मी तिला कधी बोललो नव्हतो, आणि तिचंही तसं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ते त्या संध्याकाळी बोललो. नीट जमलं नाही, पण बोललो. मग तिनं कॉफी केली आणि मी ती प्यायलो.

हे सगळं तिनं आईला फोनवर सांगितलं असणार, कारण पुढच्या मंगळवारी दुपारी सासूबाई स्वतः गाडी चालवत आल्या. अंगात त्यांचा जुना लोकरी कोट. डार्ला म्हणते, त्याला तंबाखू, कोंबड्या आणि तळलेला कांदा असा तिन्हींचा वास येतो.

"चला जावईबापू. लंगडत का होईना, पण चल."

"माझ्या पायाला मलम लावलंय, आई. डार्ला म्हणते, कापरासारखं घमघमतंय. कपडेही रोजचेच आहेत."

"विचारलं मी तुला?"

मचाणावर चढणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला घळीच्या माथ्यावर नेलं, माझ्या ओकखाली उभं केलं आणि खिशातून वाळलेली एक शेंग काढली. शेताच्या बांधावर रुईसारखं दुधाळ झाड उगवतं त्याची. शेंग फोडून आतल्या रेशमी बियांतली एक म्हातारी त्यांनी चिमटीतून सोडली. वारा पडलेला होता. ती म्हातारी क्षणभर आमच्यासमोर थांबली आणि मग सावकाश, जिना उतरल्यासारखी, घळीतून खाली जायला लागली. आम्ही बघत राहिलो. ती थेट झुडपांत शिरली.

"संध्याकाळी हवा गार झाली की जड होते आणि उताराला लागते," सासूबाई म्हणाल्या. "तू इथं वर बसतोस, आणि तुझं जे काही असेल ते घरंगळत त्यांच्या अंथरुणात जातं. साबण लाव नाहीतर लावू नकोस. माणसाचा वास पुसायला निघालास? त्यांची नाकं बघितलीस का कधी?"

"हे तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी दुसरी म्हातारी काढली, तिच्याकडे बघितलं, सोडली नाही. "तू विचारलंस कधी? तू मला शाम्पू दाखवत होतास."

"तरीपण."

"आणि झुडपांतून बिथरलेली हरणं पूर्वेच्या खिंडीतून निघतात."

पूर्वेच्या खिंडीत सासूबाई बसायच्या. दोन वर्षांत त्यांनी तीन हरणं मारली होती. त्यांतल्या एकाचा भाजलेला खांदा मी नाताळात त्यांच्या टेबलावर मिटक्या मारत खाल्ला होता, चव कळत नसताना, केवळ आदरापोटी.

"म्हणजे हरणं तुमच्याकडे हाकणारा हाकाऱ्या होतो मी."

"चांगला होतास," त्या म्हणाल्या. "वेळेवर यायचास." मग हातातली म्हातारी शेंगेत परत ठेवत, "पण डार्ला रडली फोनवर. तेव्हा म्हटलं, पुरे झालं."

मला राग यायला हवा होता. तो शोधत मी त्यांच्यामागून उतरत होतो, पण एका पायावर उतार उतरताना राग धरून ठेवणं अवघड असतं. त्यांनी लांबचा वळसा घेऊन मला घळीच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या एका पडलेल्या झाडामागे बादली उलटी घालून बसवलं. पुन्हा एक म्हातारी सोडली. ती आमच्या मागे, ओढ्याकडे गेली. हरणांकडून आमच्याकडे, आणि आमच्याकडून पलीकडे. सासूबाई माझ्यामागे दहा पावलांवर झाडाला टेकून बसल्या आणि त्यांनी कागदातून सँडविच काढलं. कांद्याचं.

पाच वाजले असतील. पानांचा आवाज आला, आणि एक मादी घळीतून उतरली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी हरणाचं तोंड पाहिलं. ओले डोळे, हलते कान, आणि ते काळं नाक, सारखं हवा चाचपणारं. ती पंधरा पावलांवर येऊन थांबली आणि ओकची फळं शोधत पानं उकरू लागली. तिला माझं काहीच कळलं नाही. मलम, कांदा, निवळी, काही नाही.

मी बघतच राहिलो. धनुष्य मांडीवर आहे हे मी विसरलो होतो. मागून एक छोटा खडा येऊन माझ्या पाठीला लागला, तेव्हा आठवलं. तिनं मान ओकच्या बुंध्यामागे नेली तेव्हा मी दोरी ओढली. श्वास सोडला, थोडं थांबलो, मग बाण सोडला.

ती उडी मारून ओढ्याच्या कडेनं धावली, चाळीसएक पावलं, आणि झुडपात कोसळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सासूबाईंनी मला अर्धा तास हलू दिलं नाही. माझ्या दातांचा आवाज येत होता, तो थंडीचा आहे असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी उरलेलं सँडविच माझ्या हातात दिलं.

बाण खांद्यामागे नेमका लागला होता. ती एका कुशीवर पडली होती, पानांत, झोपल्यासारखी. मी गुडघ्यावर बसलो आणि तिच्या मानेवर हात ठेवला. केस जाड होते, अजून उबदार. सवयीनं नाक जवळ नेलं आणि काहीच आलं नाही.

"कसला वास येतो हिला?" मी विचारलं.

सासूबाई वाकल्या, त्यांना त्रास झाला वाकताना, पण वाकल्या. बराच वेळ घेतला.

"ओकखालच्या ओल्या मातीचा," त्या म्हणाल्या. "थोडा गोड. सफरचंदं ठेवलेल्या तळघरासारखा." मग सरळ होत म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरा."

आम्ही मागच्या पायांना दोरी बांधली आणि ओढायला लागलो. गाडीपर्यंत पाव मैल चढ होता. मी तीनदा थांबलो, त्या एकदाही नाही.