आधी लिलाबाई

“मी नाई चढत त्या टेबलावर,” असं म्हणून गंगूनं दाराची चौकटच धरली. कारंज्याचा तो दवाखाना, बाहेर बाकावर माणसं बसलेली, आणि आत ही अशी अडून राहिलेली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना अंगठा ठेचला तरी हूं की चूं न करणारी बाई, पण आज नुसती घामाघूम झाली होती.

घाबरेल नाही तर काय! शेलूबाजारचा तिचा सख्खा भाऊ उकंडराव गेल्या साली गेला. बिचाऱ्याला वर्षभर रक्त पडत होतं आणि घरचे मूळव्याध समजून पाला वाटून देत होते. शेवटी कळलं, आत कॅन्सरची गाठ होती. हे दुखणं घराण्यात असू शकतं, तुम्हीही एकदा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच गंगूला बजावलं होतं. पण काही दुखत-खुपत नसताना परक्या पुरुषापुढे, तेही तसल्या जागी? ती कशाची येते! आज तिची जाऊ लिलाबाई तिला इंझोरीहून एसटीत घालून जवळजवळ ओढतच घेऊन आली होती.

बोटानं तपासायचं, मिनिटभराचं काम आहे, असं डॉक्टर परोपरीनं सांगत होते. गंगूचं आपलं एकच, गाठ निघाली तर? त्यापेक्षा माहीतच नको.

लिलाबाई पहिल्यापासून थट्टेखोर. तिनं चपला काढल्या.

“डाक्टर, आधी मले तपासा. पाहू दे हिले, बाई जगते का मरते ते.”

गंगूला एवढ्या भीतीतही हसू आलं. पडद्याआड लिलाबाईची बडबड चालूच होती. मग डॉक्टरांनी विचारलं, रक्त पडतं का?

“पडते ना. तिखट खाल्लं का पडतेच. दोन वर्सं झाले. सगळ्याइलेच पडत असन.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासलं. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, हाताला गाठ लागते आहे, उशीर न करता नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचं, पुढचं तिथंच कळेल.

“कोनं जायचं? हिनं?” लिलाबाईनं विचारलं.

“नाही बाई. तुम्ही.”

लिलाबाई लुगडं सारखं करू लागली. ते सारखं झालं तरी करतच राहिली. गंगूला वाटलं, हिला घेऊन इथून पळून जावं.

“गंगू,” लिलाबाई हळूच म्हणाली, “मले लय भेव वाटून राह्यलं. तू चढ आता. तुह्यं तरी बरं निघू दे.”

गंगू टेबलावर चढली आणि कुशीवर वळली.